सत्तरीतल्या दोघांनी गेटवेहून मांडव्याच्या लाँचला निघण्यापूर्वी

तारीख ठरवताना वार बघू नका, तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. त्यात हे दिवस भांगाचे, पाणी फार चढत-उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला सगळं उलट होतं. उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि सकाळ-संध्याकाळ, नेमकं चढण्या-उतरण्याच्या वेळी, पाणी तळाला गेलेलं असतं. मुंबईत उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त खालीवर होतं. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असतं आणि पाय सरकतो तो तिथेच.

दुसरं कारण वाऱ्याचं. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा हलकाच असतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा जोर धरतो. उधाणाच्या दिवशी दुपारी ओहोटीचं पाणी बाहेर जात असतं आणि वारा आत येत असतो. दोघांची गाठ पडली की लाटा उभ्या होतात. अष्टमीला दुपारी भरती आणि वारा दोन्ही आत येतात, म्हणून परतीची लाँच कमी आदळते. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सप्तमी ते नवमी, शुद्ध किंवा वद्य कुठलीही. पाऊणपटीत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात ताडून घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंदच असतात. गुडघे फारच कुरकुरत असतील तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट बरी, गाडीही सोबत नेता येते.

औषधांचं आदल्या आठवड्यातच बघा. बोट लागू नये म्हणून घेतात ती अव्होमिन सुस्ती आणते, तोंड कोरडं पाडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असाल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हेही त्यांनाच विचारा, कारण लाँचवर तासभर सोय मिळेलच असं नाही. त्यावर उपाय म्हणून पाणी पिणं मात्र तोडू नका. उन्हात चक्कर येते ती बहुतेक त्यानेच. दोघांच्या गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत, प्रत्येकी एक दिवसाच्या जास्त.

रिकाम्या पोटी निघू नका. दोन इडल्या किंवा तूप-मीठ-भात पुरे, वडे नकोत. सोबत चार दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, आलेपाक, माणशी दीड लिटर पाणी. मधुमेह असेल तर साखरेची पुडी खिशात हवी, पिशवीच्या तळाशी नव्हे.

पायात मागे पट्टा असलेले सँडल. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा, पायऱ्यांवर निऱ्या पायात येतात. चष्म्याला दोरी लावा. श्रवणयंत्र आणि फोन झिपच्या पिशवीत.

चढताना काठी आणि पिशवी आधी खलाशाच्या हाती द्या. लाँच लाटेवर वर येईपर्यंत थांबा, ती वर आली की पाऊल टाका. एक पाय धक्क्यावर, एक लाँचवर असं क्षणभरही राहू नका. खलाशाची बोटं धरू नका, मनगट धरा. त्यालाही तुमचं मनगट धरू द्या, ओली बोटं निसटतात. बसायला खालचा डेक, मधली जागा. वरच्या डेकवर हेलकावे जास्त आणि मागे डिझेलचा वास. मळमळू लागलं की फोन ठेवून क्षितिजाकडे बघा. लाइफ जॅकेट निघण्यापूर्वीच घाला, सगळे पट्टे आवळा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येतं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये हवा.

मांडव्याहून अलिबाग साधारण २० किलोमीटर. बहुतेक लाँचच्या तिकिटात बस धरलेली असते, म्हणून तिकीट फेकू नका. अष्टमीला कुलाबा किल्ल्याकडे चालत जायचा बेत मात्र सोडा: भांगाच्या ओहोटीत पाणी पुरतं हटत नाही. परतीला चारच्या आसपासची लाँच धरा, शेवटची नको. शेवटची चुकली तर रस्त्याने पेण-पनवेलमार्गे यावं लागतं.