बॅकवर्ड क्रिस्टी जमत नाही? मांडीआधी घोटा तपासा

संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या बास्केटबॉल कोर्टवर इनलाइन स्केटिंग करणारी मुलं ट्रिकच्या सरावासाठी छोटे कोन मांडतात. एखादं पोर क्रिस्टीत, म्हणजे एका पायावर बसून करायच्या ट्रिकमध्ये, बसायला लागलं की चारी बाजूंनी आरोळी उठते, "पैर सीधा कर, पैर सीधा!" घरात मराठी आणि मैदानावर हिंदी, हे इंदूरचं जुनंच. पण या ट्रिकसाठी याहून चुकीची सूचना नसेल. पोर पाय ताठ करतं, त्याबरोबर कंबर मागे गोल होते आणि ते धप्पकन खाली बसतं. मग "माझं अंगच लवचीक नाही" असं ठरवून महिनाभर मांडीमागचे स्नायू ताणत राहतं. बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच.

क्रिस्टीत एका स्केटवर पूर्ण उकिडवं बसायचं, दुसरा पाय समोर लांबवून हवेत धरायचा आणि तसंच कोनांमधून वळणं घ्यायची. बॅकवर्डमध्ये प्रवास पाठीच्या दिशेने. फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पुढे जाताना चाकं जरा अडखळली तर शरीर पुढे झुकतं, म्हणजे मागे कलंडणाऱ्याला थोडा आधारच मिळतो. उलटं जाताना तोच अडथळा शरीराला आणखी मागे लोटतो. ज्यांची पुढची क्रिस्टी कशीबशी टिकते, त्यांची मागची टिकत नाही, ती यामुळे.

घोटा आणि बूट

उकिडवं बसताना गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जायला हवा. तो गेला नाही तर वजन टाचेवर येतं, आणि उलट्या प्रवासात टाचेचं चाक सगळ्यात पुढे असतं. छोटा खडा आला की संपलं.

घरी तपासा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला नाही तर पोटरी आणि घोट्यावर काम करायचं, मांडीवर नाही. टेकला आणि तरीही स्केट घालून बसता येत नसेल तर वरचा बकल बघा. घोटा "सुरक्षित" राहावा म्हणून मुलं, आणि मुलांहून जास्त त्यांचे आईवडील, तो करकचून आवळतात. नडगी पुढे झुकायला जागाच उरत नाही. वरचा बकल एक-दोन खाचा सैल करा. टाच जागेवर धरणारा तिरपा पट्टा मात्र घट्टच राहू द्या, नाहीतर बूट आत हलेल.

रॉकर केलेल्या फ्रेमवर (फ्रेम म्हणजे बुटाखालची, चाकं बसवलेली पट्टी), म्हणजे मधली दोन चाकं ८० मिलिमीटरची आणि टोकाची ७६ ची असतील तर, वजन मधल्या दोन चाकांवर यायला हवं. बसल्यावर पुढे-मागे डुगडुग जाणवली तर ते अजून आलेलं नाही.

वरचा पाय

हवेत धरलेला पाय काठीसारखा ताठ असायलाच हवा असं नाही. शिकताना गुडघ्यात किंचित बाक ठेवा आणि पाठ लांब ठेवा. ताठ पाय आणि गोल पाठ यापेक्षा वाकलेला पाय आणि सरळ पाठ केव्हाही बरी.

इथे आणखी एक गफलत होते. पाय खाली येतो म्हणजे मागचे स्नायू आखडलेत, असा समज होतो. दंडासनात, म्हणजे दोन्ही पाय समोर पसरून, बसा, पाठ सरळ ठेवा, हात कमरेवर, आणि मागे न झुकता एक टाच जमिनीवरून उचला. चार इंचही उचलता येत नसेल, मांडीच्या पुढच्या बाजूला गोळा येत असेल, तर तिथे ताकद कमी आहे. कितीही ताणलंत तरी ती येणार नाही. रोज दहा-दहा वेळा हेच उचलणं करा. जमायला लागलं की स्केट घालून करा. त्याचं वजन पायाच्या टोकाशी असतं, त्यामुळे फार जाणवतं.

ताणण्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. लहानपणी एका शिबिरात प्रशिक्षकांनी माझ्या पाठीवर गुडघा ठेवून मला पुढे दाबलं होतं. मांडीमागची ती कळ दोन महिने गेली नाही. कोणाच्याही मुलाला असं दाबू नका, दाबू देऊ नका. सरावाआधी पाय झुलवणं, हळूहळू मलासनात (दोन्ही पायांवर उकिडवं) बसणं-उठणं एवढं पुरे. लांब धरून ठेवायचे ताण सरावानंतर. उंची झपाट्याने वाढणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर खोल बैठका थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

नजर आणि कोन

बसल्यावर मान वळवू नका. उभं असतानाच ठरवा, कोणत्या खांद्यावरून बघायचं. हनुवटी तिकडे न्या आणि मग खाली बसा. समोरच्या पायाकडे बघितलंत की डोकं झुकतं, मग पाठ, मग सगळंच.

स्पर्धेत क्लासिक, म्हणजे संगीतावर ट्रिक करायच्या, प्रकारात कोनांच्या तीन रांगा असतात: ५० आणि ८० सेंटिमीटर अंतराच्या, प्रत्येकी २० कोनांच्या, आणि १२० सेंटिमीटरची १४ कोनांची. शिकणारे हटकून ८० वर सुरू करतात, कारण बाकीच्या ट्रिक तिथेच शिकलेल्या असतात. १२० वर जा, आणि पहिले काही दिवस कोनांऐवजी खडूच्या खुणा करा. कोन उडण्याची भीती गेली की वळण खांद्याने ओढलं जात नाही, घोट्यातून येतं. एका पायावर उभ्याने उलटा स्लॅलम, म्हणजे कोनांमधून नागमोडी जाणं, येत नसेल तर मात्र आधी तो.

वेगही ठेवा. भीतीने हळू गेलात तर पहिल्या वळणातच थांबाल, आणि थांबणं म्हणजे मागे पडणं.

जागेचं म्हणाल तर आपल्याकडे रस्ते रात्री झाडले जातात, म्हणून पहाटेचा गुळगुळीत रस्ता मोहात पाडतो. पण वाहनं असतात. बंद आवारच निवडा आणि झाडू स्वतः मारा. मनगटाचे गार्ड आणि आतून पॅडची चड्डी हवीच, कारण इथे पडणं जवळजवळ नेहमी बसकण मारूनच होतं.

राहिलं उठणं. दमल्यावर मुलं त्याच एका पायावर जोर देऊन उठतात. गुडघा आत वळतो आणि तिथेच दुखापत होते. हवेतला पाय आधी खाली आणा, दोन्ही स्केट समांतर करा, दोन पायांवर बसूनच थोडं मागे जाऊ द्या, मग उठा.