नेपाळी कामगार परदेशी भरताना: पैसा कुणाच्या खिशातून जातो, ते आधी बघा

नेपाळमधून माणसं भरायची ठरली की कंपनीचं लक्ष पगार, व्हिसा आणि विमानाच्या तारखांवर असतं. भरती बिघडते ती बहुतेक वेळा गावातच. कामगार सावकाराकडून चढ्या व्याजाने कर्ज काढतो, दलालाला देतो आणि कामावर येतो तोच देणेकरी म्हणून. पगार सांगितल्यापेक्षा कमी निघाला, तर व्याजसुद्धा भागत नाही. मग तो जादा पैसे देणारी दुसरी जागा शोधतो किंवा आजारपण लपवून राबत राहतो.

नेपाळ सरकारच्या जुलै २०१५ च्या धोरणानुसार सौदी अरेबिया, कतार, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, बहरीन, ओमान आणि मलेशिया या सात देशांसाठी व्हिसा व तिकिटाचा खर्च मालकाने करायचा असतो. माणसं भरून देणाऱ्या नेपाळी मनुष्यबळ संस्थेला कामगाराकडून फार तर १०,००० नेपाळी रुपये, म्हणजे भारतीय ६,२५० रुपये, सेवाशुल्क घेता येतं. मलेशियाशी २०१८ साली झालेल्या करारात भरतीचा खर्चही मालकावरच टाकला आहे. दक्षिण कोरियाची ईपीएस (परदेशी कामगारांसाठीची सरकारी परवाना योजना) भरती दोन सरकारांमध्ये होते, तिथे खासगी संस्थेला जागाच नाही. कोणी 'कोरियासाठी माणसं देतो' म्हणाला, तर बोलणं तिथेच थांबवा.

संस्था निवडताना तिचा परवाना चालू आहे का, हे नेपाळ सरकारच्या वैदेशिक रोजगार विभागाकडे तपासा. त्यानंतर दर माणशी खर्चाची लेखी फोड मागा: सेवाशुल्क, जाहिरात, वैद्यकीय तपासणी, विमा, परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचा सरकारी कल्याण निधी, प्रशिक्षण, तिकीट. 'तुमच्याकडून काहीच नको' म्हणणाऱ्या संस्थेला काम देऊ नका. तिचा खर्च आणि नफा कामगाराच्याच खिशातून निघणार. दुसरं छिद्र आपल्याच कंपनीत असू शकतं. मागणीपत्र (किती आणि कोणती माणसं हवीत हे सांगणारं कंपनीचं पत्र) मिळवण्यासाठी संस्था भरती अधिकाऱ्याला माणशी दलाली देते, त्याचा काठमांडूतला पाहुणचारही करते, आणि ती रक्कम शेवटी कामगाराच्या कर्जात मिळवली जाते. म्हणून संस्था निवडणारा आणि मुलाखती घेणारा माणूस वेगळा ठेवा आणि प्रवासखर्च कंपनीनेच भरा.

मागणीपत्र, मुखत्यारपत्र, संस्थेशी झालेला करार आणि नोकरीच्या कराराचा नमुना हे कागद कंपनी ज्या देशात आहे तिथल्या नेपाळी दूतावासाकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. चारही कागदांत कंपनीचं नाव, पदं, संख्या आणि पगार तंतोतंत जुळले पाहिजेत. एका जागी 'मेसन' आणि दुसरीकडे 'हेल्पर' लिहिलं, तरी फाइल अडकते. मूळ पगार, भत्ते, कामाचे तास, जादा कामाचा दर, जेवण व राहण्याची सोय वेगवेगळी लिहा. 'एकूण कमाई' असा गोळाबेरीज आकडा लिहिला, तर दलाल तोच मूळ पगार म्हणून गावात सांगतो.

कागद काठमांडूत गेल्यावर संस्था विभागाची पूर्वस्वीकृती घेते, राष्ट्रीय दैनिकात जाहिरात देते आणि अर्जांसाठी किमान सात दिवस ठेवते. मुलाखतीची तारीख त्यानंतरच ठरवा. घाई केली की खुली निवड होत नाही. दलालांनी आधीच पैसे घेऊन जमवलेली माणसं समोर बसतात. कामाची चाचणी आपल्या फोरमनने घ्यावी. दशैं-तिहारच्या (नेपाळच्या दसरा-दिवाळीच्या) आसपास, म्हणजे आश्विन-कार्तिकात, सरकारी कचेऱ्या अनेक दिवस बंद असतात, त्या काळातल्या तारखा टाळा.

पासपोर्ट आणि नागरिकता प्रमाणपत्रातलं नाव व जन्मतारीख ताडून पाहा. प्रमाणपत्रात विक्रम संवत असतं, ते इसवी सनाच्या सुमारे ५६ वर्षं ८ महिने पुढे आहे; रूपांतर चुकलं की पुढचा प्रत्येक कागद चुकतो.

पैशाची चौकशी तीनदा करा: निवडीनंतर, उड्डाणाआधी आणि कामावर रुजू झाल्यावर महिन्याभराने. पहिल्या दोन वेळी कामगार बहुधा पढवलेलंच उत्तर देतो, कारण खरं बोललं तर नोकरी जाईल अशी भीती त्याला घातलेली असते. 'मी पैसे दिले नाहीत' असा व्हिडिओ किंवा १०,००० ची पावती पुरावा मानू नका. वरची रक्कम रोख घेतलेली असते. संस्थेचा माणूस खोलीत नको, दुभाष्या आपला असावा, आणि 'किती दिले?' पेक्षा 'कर्ज कुणाचं आहे, महिन्याला व्याज किती जातं?' असं विचारा. खरं सांगितल्याने त्याची नोकरी जाणार नाही, हे आधी स्पष्ट सांगा आणि पाळा.

श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाला जाण्याचा नेपाळ सरकारचा परवाना, हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. भेटीच्या व्हिसावर किंवा दिल्ली-मुंबईमार्गे नेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ठाम नाकारा; अशा कामगाराला अपघात झाला तर विमा आणि कल्याण निधीची भरपाई धोक्यात येते. नेपाळी भाषेतली कराराची प्रत प्रत्येक कामगाराला सही करण्यापूर्वी वाचायला मिळाली पाहिजे, विमानतळावर नव्हे. पोचल्यावर पासपोर्ट त्याच्याकडेच राहू द्या.

संस्थेच्या करारात एक कलम हवंच: सेवाशुल्काचा काही भाग तिसऱ्या चौकशीनंतरच मिळेल, आणि कामगाराकडून जादा पैसे घेतल्याचं कळलं तर कंपनी ती रक्कम त्याला आधी परत करून संस्थेच्या बिलातून कापून घेईल.