प्वँकारे हे आडनाव कुठलं? दुर्मिळ फ्रेंच आडनावाचा माग घरबसल्या कसा काढायचा

31 वर्षं मी सांगलीत कॉलेजात गणित शिकवलं. एकदा टोपोलॉजीच्या तासाला मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पॉइंकारे म्हणजे काय हो?" मी फ्रेंच गणितज्ञ ऑन्री प्वँकारे यांच्या नावाने ओळखलं जाणारं अनुमान पुन्हा समजावायला घेतलं, तर म्हणाली, "ते नाही, आडनावाचा अर्थ." मी फळ्याकडे तोंड असतानाच सांगून टाकलं: 'प्वँ' म्हणजे बिंदू, 'कारे' म्हणजे चौरस, म्हणून चौरस बिंदू. गणितज्ञाला शोभेल असा अर्थ होता, पोरांनी वहीत लिहूनही घेतला. तो चुकीचा होता. निवृत्तीनंतर फ्रेंच शिकले तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि त्या मुलीला बरोबर उत्तर द्यायचंच म्हणून मी या आडनावामागे लागले. फ्रान्सला न जाता, घरातल्या लॅपटॉपवर जे जमलं ते इथे लिहिते. तुम्ही कुठलंही दुर्मिळ फ्रेंच आडनाव घ्या, रीत हीच.

आधी क्रम पक्का करा. पहिल्यांदा लेखनाची रूपं, मग नकाशा, मग दप्तर, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. माझी चूक तीच झाली होती. कानाला जे लागलं त्यावरून अर्थ काढला आणि बाकीचं काही पाहिलंच नाही.

फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजनं गिळतात, त्यामुळे एका उच्चारामागे तीन-चार शब्द दडलेले असतात. 'प्वँ' लिहिताना शेवटी टी असेल तर बिंदू, जी असेल तर मूठ. ओठ जरा वेगळे झाले की 'पाँ', म्हणजे पूल. 'कारे'मध्ये आर एक की दोन? शेवटच्या ई-वर मात्रा आहे, की त्याऐवजी ई-टी, ई-वाय किंवा ई-झेड लिहिलंय? जुने कारकून मात्रा नेमाने देत नसत आणि आडनावाचं स्पेलिंग पक्कं असतं ही कल्पनाही त्यांना नव्हती. एकाच बापाच्या दोन लेकरांच्या नोंदी दोन तऱ्हांनी लिहिलेल्या सापडतात. तेव्हा शोध सुरू करण्याआधी शक्य ती सगळी रूपं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या पानावर 14 झाली होती. त्यातली बरीचशी कुठेच भेटली नाहीत, पण ती लिहिली नसती तर जी भेटली तीही हुकली असती.

आता नकाशा. 'जेओपात्रोनिम' या संकेतस्थळावर आडनाव टाकलं की फ्रान्सचे जिल्हे, त्यांच्या भाषेत देपार्तमाँ, रंगवून समोर येतात. त्यामागे फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेची, म्हणजे इन्सेची, जन्मनोंदींची आकडेवारी आहे. ती चार काळांत विभागलेली आहे: 1891 ते 1915, 1916 ते 1940, 1941 ते 1965 आणि 1966 ते 1990. नाव मात्रेशिवाय टाका, कारण मूळ यादी बिनमात्रेच्या मोठ्या अक्षरांत आहे. नेहमी सगळ्यात जुना काळ आधी पाहा. नंतरच्या नकाशांत पॅरिस आणि मोठ्या शहरांची इस्पितळं भरून दिसतात, कारण तिथे मोजलं जातं ते जन्माचं ठिकाण. आईबाप राहतात कुठे हे त्या आकड्याला ठाऊक नसतं.

जुन्या नकाशातही एक मोठं भोक आहे. इन्सेची नोंदवही 1946 च्या सुमाराला उभी राहिली, म्हणून त्याआधी वारलेली माणसं तिच्यात बहुतेक नाहीत. म्हणजे 1891 नंतर जन्मून पहिल्या महायुद्धात मेलेली तरुण पोरं नाहीत. दुर्मिळ आडनावात चार मुलगे गळले तर अख्खा जिल्हा कोरा दिसतो. ते भोक भरायला 'मेम्वार देझोम' हे फ्रान्सच्या संरक्षण खात्याचं संकेतस्थळ उघडा. त्या युद्धात देशासाठी मेलेल्या 13 लाखांहून अधिक सैनिकांच्या चिठ्ठ्या तिथे आहेत आणि चिठ्ठीवर जन्मतारीख, जन्मगाव, जिल्हा असतो. आपलं आडनाव टाकून जेवढी गावं मिळतील तेवढी वहीत उतरवा. मला हे काम संथपणे करावं लागलं. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या चिठ्ठ्या भराभर सरकवता येत नाहीत.

प्वँकारेचे धागे ईशान्य फ्रान्समधल्या लोरेन प्रांताकडे जातात. इथे एक इशारा. नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे मूळ गाव नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळातले फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रेमाँ प्वँकारे 1860 मध्ये बार-ल-द्युक इथे, म्यूझ जिल्ह्यात जन्मले. म्हणून घराणं म्यूझचं म्हणायचं का? नाही. त्यांचे वडील आंतोनाँ सरकारी इंजिनिअर होते. इंजिनिअरची नेमणूक जिथे, तिथे पोरांचा जन्म. आपले गणितज्ञ ऑन्री हे रेमाँचे चुलतभाऊ, 1854 मध्ये नाँसी शहरात जन्मले. त्यांचे वडील लेओं नाँसीला वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. दोन ठिपके वेगळे, पण एक पिढी मागे गेलं की दोन्ही एका घरात शिरतात. आजोबा झाक-निकोला 1794 मध्ये जन्मले, नाँसीत त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि घराणं दक्षिणेकडच्या व्होज जिल्ह्यातल्या नशातोचं. (स्पेलिंगमध्ये मधे एफ आहे, तो उच्चारत नाहीत. शोधताना मात्र तो घालायला विसरू नका.) जोन ऑफ आर्कचं दोंरेमी याच गावाच्या जवळ आहे आणि 1428 मध्ये तिच्या घरच्यांनी नशातोतच आसरा घेतला होता. म्हणजे रीत अशी: प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून विचारा, हे लोक इथे कशाने आले? नोकरी, लग्न, लढाई की शेती? शेतीवाला ठिपका सहसा जुना निघतो.

लोरेनमध्ये आणखी एक भानगड आहे. 1871 मध्ये जर्मनीने आल्सास आणि मोझेलचा भाग घेतला तेव्हा तिथल्या लोकांना फ्रेंच राहायचं असेल तर 1 ऑक्टोबर 1872 पर्यंत तसं कळवायची मुभा होती. असं कळवणाऱ्यांच्या याद्या आहेत. नाँसी फ्रान्सकडेच राहिलं, म्हणून सीमेपलीकडचे कितीतरी लोक तिथे येऊन बसले. एखादं आडनाव नाँसीत 1872 नंतर अचानक दिसू लागलं तर आधी या याद्या बघा.

आता दप्तर. फ्रान्समध्ये प्रत्येक जिल्ह्याचं दप्तरखाना असतं, आर्कीव्ह देपार्तमाँताल. बहुतेकांनी जुन्या वह्यांची छायाचित्रं फुकट ठेवली आहेत. व्होजचं दप्तरखाना एपिनालला आहे, नाँसीच्या जिल्ह्याचं नाँसीला. जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदी 75 वर्षं झाली की खुल्या होतात. थेट वह्या उघडू नका, डोळे जातील. आधी 'ताब्ल देसेनाल', म्हणजे दर दहा वर्षांच्या आडनाववार याद्या उघडा. पहिली यादी 1792 ते 1802 ची, पुढची 1812 पर्यंत, मग 1813 ते 1822, असं चालू राहतं. गावामागून गाव घ्या, फक्त पी-ची पानं बघा. एका संध्याकाळी चार-पाच गावं सहज होतात. ज्या गावात नाव नाही तेही वहीत लिहा, कारण आडनाव कुठे पसरलंय आणि कुठे नाही याचा नकाशा काढताना रिकामं गावही उपयोगी पडतं.

1792 च्या सप्टेंबरपासून नोंदणी चर्चकडून नगरपालिकेकडे आली आणि पाठोपाठ क्रांतीचं कॅलेंडर आलं. 1805 संपेपर्यंतच्या नोंदी त्या कॅलेंडरात आहेत: तीस दिवसांचे बारा महिने, 'वर्ष 2', 'वर्ष 3' अशी मोजणी. झाक-निकोलांचं 1794 हे साल वहीत तसं दिसतच नाही, वर्ष 2 किंवा वर्ष 3 शोधावं लागतं. तारखा बदलून देणारे तक्ते नेटवर आहेत, एक छापून शेजारी ठेवा. त्या काळात गावांचीही नावं बदलली. संतांची नावं पुसून काढली, साँ-दनीचं फ्राँसियाद झालं होतं. गाव सापडेना तर त्याचं क्रांतीतलं नाव शोधा.

त्याआधीच्या वह्या चर्चच्या. पुस्तकांत तुम्ही वाचाल की 1539 च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याची नोंद सक्तीची झाली, 1579 मध्ये लग्न आणि दफन आलं, 1667 पासून दोन प्रती ठेवायच्या ठरल्या. हे फ्रान्सच्या राजाच्या मुलखाला लागू. लोरेन ही वेगळी डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, होती, ती रीतसर फ्रान्समध्ये आली 1766 मध्ये, ड्यूक स्तानिस्लास वारल्यावर. त्यात तीस वर्षांच्या युद्धाने सतराव्या शतकात हा प्रांत उजाड केला. म्हणून इथल्या वह्या पुष्कळ गावांत उशिरा सुरू होतात आणि मधे खंडही पडतात. वही नाही म्हणजे घराणं नव्हतं असा निष्कर्ष काढू नका. अशा वेळी नोटरींचे करार बघा, त्यात लग्नाचे आणि जमिनीचे करार असतात.

हस्ताक्षराला सवय लागते. तपकिरी शाई, एन आणि यू सारखेच, सी आणि टी एकमेकांत मिसळलेले, आणि शब्दाच्या मधला एस एफसारखा लांब. सुरुवातीला मी एका बाळाच्या दफनाच्या नोंदीत '8bre' वाचलं आणि वहीत ऑगस्ट लिहिलं. पुढे त्याच बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख आली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली. जन्माआधी दफन कसं? दोन दिवस मला वाटलं दोन वेगळी बाळं. मग उलगडलं: फ्रेंचमध्ये आठ म्हणजे 'उइत', लॅटिनमध्ये 'ऑक्टो', म्हणून '8bre' म्हणजे ऑक्टोबर. बाळ सप्टेंबरचं, गेलं ते ऑक्टोबरात. तसंच 7 म्हणजे सप्टेंबर, 9 म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचा एक्स म्हणजे डिसेंबर. हे चार आधीच पाठ करा.

एवढं झाल्यावर अर्थाकडे वळा. फ्रेंच आडनावं साधारण चार मुशीतली: बापाचं नाव, गाव किंवा जागा, धंदा, आणि टोपणनाव. प्रत्येक शक्यता नकाशासमोर उभी करायची. 'पूल' धरला तर पॅरिसच्या पूर्वेला सेन-ए-मार्न जिल्ह्यात पाँकारे नावाचं गाव खरंच आहे आणि त्या गावाचं नाव लावणारं एक सरदार घराणंही होतं. पण तिथून आलेलं आडनाव त्या भागात दाटायला हवं, लोरेनमध्ये नव्हे. 'बिंदू'ला कुठल्याच मुशीत जागा नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शेतकऱ्याला शेजारी चौरस बिंदू कशाला म्हणतील? उरली मूठ. रुंद, चौकोनी मुठीचा माणूस, हे टोपणनाव कुठल्याही गावात पडू शकतं. आणि त्याला कागदाचा पुरावा आहे: 1403 मध्ये पॅरिस विद्यापीठात पेत्रुस पुग्निक्वाद्राती नावाचा विद्यार्थी नोंदला गेला आहे. लॅटिनमध्ये पुग्नुस म्हणजे मूठ, क्वाद्रातुस म्हणजे चौकोनी. कारकुनाने नावाचं भाषांतर केलं म्हणून आपल्याला अर्थ कळला. लॅटिन दप्तर त्यासाठीच वाचायचं. याच जातीचं दुसरं आडनाव जर्सी बेटावर आहे, प्वँगदेस्त्र, म्हणजे उजवी मूठ. एकटं उदाहरण असेल तर शंका ठेवा, जोडीला भावंडं सापडली की अर्थ घट्ट होतो.

कोशांत आल्बेर दोझाचा 1951 चा आणि मारी-तेरेझ मोर्लेचा असे दोन नावाजलेले आहेत. ते वाचा, पण नकाशा आणि दप्तर झाल्यावर. कोशकाराला हजारो आडनावं उरकायची असतात, तुमच्याकडे एकच आहे.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना हीच रीत उपयोगी पडेल. महादजी शिंद्यांचा सेनापती डी बॉईन जन्माने बनुआ लबॉर्न्य, 1751, शाँबेरी. लबॉर्न्य म्हणजे एकाक्ष, तेही टोपणनावच. शाँबेरी तेव्हा सव्हॉयमध्ये होतं, फ्रान्समध्ये नव्हे. डी बॉईन या रूपाने शोध घेतलात तर बाप्तिस्म्याची नोंद मिळणार नाही. त्याच्यानंतर आलेला पेराँ मूळचा क्वीये. पाँडिचेरी, माहे, कारैकल इथल्या फ्रेंच नोंदी हव्या असतील तर एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या परदेशी वसाहतींच्या दप्तरखान्याकडे जा, त्यांच्याही वह्या नेटवर आहेत.

'झेनेआनेत' या संकेतस्थळावर लोकांनी टाकलेल्या वंशावळी वापरा, पण फक्त बोट दाखवण्यापुरत्या. एकाने चूक केली की चाळीस जण ती उतरवून घेतात. मूळ वहीचं पान पाहिल्याशिवाय काही मानू नका. 'गालिका' या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात शोधताना सालाची मर्यादा घाला, मी 1850 च्या आधीचं घेत असे. नाहीतर प्वँकारे टाकलं की रेमाँच्या नावाचे रस्ते आणि ऑन्रीच्या नावाची शाळा यांचाच पूर येतो.

शेवटचा नकाशा हाताने काढा. मी लोरेनचा नकाशा कार्डशीटवर उतरवला आणि 1800 च्या आधीच्या ठिपक्यांना लाल, नंतरच्यांना निळी टाचणी लावली. निळ्या नाँसी, बार-ल-द्युक आणि पॅरिसकडे गेल्या. 2005 पासून फ्रान्समध्ये मुलाला आईचं किंवा दोघांचं आडनाव देता येतं, त्याआधी ते सहसा बापाकडूनच यायचं, त्यामुळे मुलगे नसलेल्या घरात नाव संपायचं. अशा शेवटच्या नोंदींना मी काळी टाचणी ठेवली आहे. त्या विद्यार्थिनीला मी मुठीचा अर्थ आणि नकाशाचा फोटो पाठवला. तिचा उलट प्रश्न आला की नशातोच्या आधी काय? त्यासाठी आता सतराव्या शतकातले नोटरींचे करार काढायला घेतले आहेत, पी-पासून.