जावाचा छोटा डीकंपायलर एकट्याने लिहायचा तर

पहिला डीकंपायलर, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडवरून पुन्हा सोर्स काढणारा प्रोग्राम, जावाच्या क्लास फाइलसाठीच (जावाचा सोर्स कंपाइल केल्यावर मिळणाऱ्या फाइलसाठी) लिहावा. तिचा आराखडा जाहीर आहे आणि मेथडची नावे व प्रकार फाइलमध्येच सापडतात. मशीन कोडमध्ये ही चैन नाही.

फाइल सुरू होते ती २०२, २५४, १८६, १९० या चार बाइटनी. बहुबाइटी आकडे वाचताना मोठा बाइट आधी घ्या. मेजर व्हर्जन ५२ म्हणजे जावा ८. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला एक वाढतो. अनोळखी आकडा दिसला तर तिथेच थांबून तसे सांगा. पावेल कुझ्नेत्सोव्हचा जॅड हा डीकंपायलर एके काळी घरोघरी होता, पण त्याचे काम थांबले, जावा ५ पासून नवी रचना येत गेली आणि तो मागे पडला.

कॉन्स्टंट पूल, म्हणजे फाइलमधल्या नावांची व स्थिर किमतींची यादी, १ पासून मोजतात, आणि लाँग व डबल प्रत्येकी दोन जागा घेतात. हे विसरलात तर पुढचा प्रत्येक संदर्भ एका घराने सरकतो. टेबलस्विच (१७०) आणि लुकअपस्विच (१७१) या 'स्विच'च्या दोन सूचनांनंतर चारच्या पटीपर्यंत भरणीचे बाइट असतात. ही मोजणी मेथडच्या कोडच्या सुरुवातीपासून करायची, फाइलच्या नव्हे.

आता कोड चालवायचा, पण स्टॅकवर (सूचना ज्यावर किमती ठेवतात व काढतात त्या ढिगावर) आकड्यांऐवजी पदावल्या ठेवून. स्टॅटिक मेथडमध्ये २६, २७, ९६, १७२ हे बाइट आले तर आधी 'अ', मग 'ब' ढकला, ९६ ला दोन्ही काढून 'अ + ब' ठेवा, १७२ ला 'रिटर्न' छापा. इथवर काम सोपे असते, आणि इथेच पहिली खोच आहे. 'रिटर्न आय++' मध्ये आधी 'आय' स्टॅकवर जातो, मग १३२ क्रमांकाची सूचना त्याला वाढवते, मग रिटर्न. भोळा डीकंपायलर वाढवलेली किंमत परत करणारा कोड छापतो. दिसायला निर्दोष, अर्थाने चूक. म्हणून एखाद्या व्हेरिएबलमध्ये लिहिण्याआधी स्टॅकवरची कोणती पदावली ते वाचते आहे का ते तपासा, आणि असेल तर ती तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये उतरवून ठेवा.

खरी मेहनत उड्यांची. कोडचे बेसिक ब्लॉक (मध्ये उडी नसलेले सलग तुकडे) पाडा, प्रत्येकाचे डॉमिनेटर (ज्यांच्यातून गेल्याशिवाय तिथे पोचता येत नाही असे ब्लॉक) काढा. उडी आपल्याच डॉमिनेटरकडे मागे जात असेल तर तो लूप. 'इफ'ची अट जावाक (जावाचा कंपायलर) बहुधा उलटवून लिहितो, ती परत सुलटवा. ब्लॉक संपताना स्टॅक रिकामा नसेल तर बहुतेक वेळा प्रश्नचिन्हवाली पदावली ('अट ? अ : ब') असते. 'फायनली'चा मजकूर बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर नकलून ठेवलेला असतो. तो ओळखून एकत्र करणे सर्वांत किचकट, तेव्हा ते शेवटी घ्या. जावात गोटू नाही, म्हणून न जुळणाऱ्या उड्यांसाठी लेबलवाला ब्रेक वापरा. कुरूप दिसेल, पण चालेल.

चाचणीसाठी निघालेला सोर्स पुन्हा कंपाइल करा आणि 'जावाप' (क्लास फाइलमधल्या सूचना छापणारे साधन) वापरून मूळ आणि नवा असे दोन्ही बाइटकोड शेजारी ठेवा. फरक आढळला तर त्या मेथडमधला पहिला वेगळा ब्लॉक शोधा. चूक बहुधा त्याच्या जरा आधी असते.