अलिबागला जमिनीच्या व्यवहारात उतरायचं म्हणताय?

मुंबई-पुण्याकडची मुलं-मुली अधूनमधून विचारतात, "ताई, अलिबागला येऊन इस्टेट एजंटचं काम करावं म्हणतोय, जमेल का?" बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मांडव्याची जेट्टी, किहीमची सुरूची झाडं आणि कोटीच्या व्यवहारावरची दोन टक्के दलाली असते. मी कल्याणच्या एका बँकेतलं गृहकर्जाचं टेबल सोडून इथे आले, एका जुन्या दलालाच्या कचेरीत बसून काम शिकले आणि मग स्वतःचं सुरू केलं. त्या अनुभवावरून लिहिते आहे. मुरुड, दिवेआगर, गुहागरकडे जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी पैशाचं बोलू. दलाली साधारण दोन टक्के, कधी दोन्ही बाजूंकडून, कधी एकाच. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये चार जणांची साखळी असेल तर त्याच दोन टक्क्यांचे चार वाटे होतात. टोकन, विसारपावती (आगाऊ रकमेची पावती), साठेखत (विक्रीचा करार), मोजणी, खरेदीखत असा प्रवास करत व्यवहार पुरा व्हायला कित्येक महिने जातात आणि दलाली बहुतेक वेळा खरेदीखताच्या दिवशीच हातात पडते. म्हणून वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवूनच या. माझं घर पहिली बरीच वर्षं दलालीवर नाही, भाड्याच्या बंगल्यांवर चाललं. मालक मुंबईत, बंगला नागावात. शनिवारच्या पाहुण्यांना चावी देणं, माळी आणि पंपवाला सांभाळणं, मालकाला महिन्याचा हिशोब पाठवणं हे काम कोणी फारसं आनंदाने करत नाही. पण महिन्याचे पैसे त्यातून येतात, आणि बंगला विकायची वेळ आली की मालक पहिला फोन तुम्हालाच करतो.

नवीन माणूस गिऱ्हाइकाच्या मागे धावतो. फलक लावतो, रील टाकतो, समुद्राचे फोटो पाठवतो. गिऱ्हाईक मुंबईत ढिगाने आहे, विकाऊ आणि कागदाने स्वच्छ जमीन मात्र कमी आहे. ती ज्याला आधी कळते त्याचा धंदा चालतो. झिराड, सासवणे, आवास, थळ, चौल, रेवदंडा यांतली दोन-तीनच गावं धरा आणि तिथली प्रत्येक वाडी पायाखालून घाला. विहीर कोणाची, पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं, वहिवाटीची वाट कुठल्या बांधावरून जाते, कोणाचा भाऊ कोणाशी बोलत नाही हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. अख्ख्या तालुक्यात हिंडणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

आता कागद. सातबारा वाचता आल्याशिवाय इथे उभंच राहू नका. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो, त्यामुळे गिऱ्हाईकही तो काढून येतो आणि वरचं नाव बघून निश्चिंत होतो. तुमची नजर मात्र आधी 'इतर हक्क' या रकान्यावर गेली पाहिजे. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला वाटा, कुळाचं म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव, सगळं तिथे दडलेलं असतं. मग भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते पाहायचं. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर विषय आणखी कडक. अशा ठिकाणी "करून घेऊ" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

कुळाचा मुद्दा या तालुक्यात जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे. १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चाललेला शेतकऱ्यांचा संप याच तालुक्यातल्या चरी गावचा. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसायलाच नकार दिला होता. पुढे कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून कसणारा कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. म्हणजे एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत ३२-म चं, म्हणजे जमीन कुळाच्या मालकीची झाल्याचं, प्रमाणपत्र असेल, तर तो त्या घराच्या लढाईचा कागद आहे. हातात घेताना तसाच घ्या. व्यवहारापुरतं सांगायचं तर अशा जमिनीला कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट लागते, परवानगीशिवाय ती विकता येत नाही. प्रमाणपत्राला दहा वर्षं उलटली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी होते. आकार काही रुपयांचाच असतो, त्यामुळे रक्कम किरकोळ. तरी ती न भरताच साठेखत करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर विचारायचा प्रश्न: "तुम्ही शेतकरी आहात का?" महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. हे ऐकल्यावर समोरचा हमखास म्हणतो, "दाखला मॅनेज होतो ना?" होतो असं सांगणारे भेटतील. तुम्ही फोन ठेवा. खोट्या दाखल्यावरची खरेदी पुढे जमीन सरकारजमा होण्यापर्यंत जाऊ शकते. अशा गिऱ्हाइकाला बिनशेती प्लॉट दाखवा. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनींना महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे बिनशेती होणं पुष्कळ सोपं झालं आहे, त्यामुळे गावालगतचे तुकडे आधी शोधायचे.

आणि समुद्र. जाहिरातीत "सी टच" लिहिलेलं दिसलं की मी आधी सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचा, नकाशा उघडते. १९९१ ची पहिली अधिसूचना, मग २०११ ची, मग २०१९ ची. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमांखाली येतो आणि ग्रामीण भागात त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर ५० मीटर केलं गेलं, पण ती घनता २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ च्या वर हवी. आपलं गाव कुठल्या वर्गात बसतं ते मंजूर नकाशावरच पाहायचं, चहाच्या टपरीवर नाही. खाडीकाठालाही नियम आहेत हे रेवदंड्याकडे काम करणारे सोयीस्कर विसरतात. "शेजाऱ्याने बांधलाय ना बंगला" हा युक्तिवाद रोज ऐकू येतो. शेजाऱ्याचं घर जुनं असेल, परवानगीचं असेल किंवा त्याला नोटीसही आली असेल.

कागदाइतकंच घर वाचावं लागतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सातबाऱ्यावर नऊ नावं असतात. तीन भाऊ ओटीवर बसून भाव ठरवतात, चहा येतो, सगळे हो म्हणतात. बहिणींचा विषय काढला की "त्या सही देतील, त्यांचं काही नाही" असं उत्तर मिळतं. मी बाई असल्याचा एक फायदा म्हणजे मला स्वयंपाकघरात जाता येतं. तिथे आत्या वाल सोलत असते आणि हळूच विचारते, "किती ठरले गं?" तिला कोणी सांगितलेलंच नसतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क मुलाइतकाच आहे, तिचं नावही चढलेलं आहे, पण भाव ठरतो ओटीवर. अशा वेळी मी विसार थांबवते आणि सगळ्या खातेदारांना एकत्र बसवा म्हणते. भाऊ चिडतात. एक-दोन व्यवहार हातचे गेलेही. पण खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहीण आलीच नाही, की गिऱ्हाईक, मालक आणि वकील तिघेही तुमच्याच तोंडाकडे बघतात. शिवाय बहिणीला तिचा वाटा चेकने मिळाला हे गावात पसरतं, आणि पुढच्या घरची बहीणच तुम्हाला बोलावून घेते.

रोख रकमेचा विषय निघणारच. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही. तुम्ही त्या पिशवीला हात लावू नका, मोजायलाही नाही.

मोजणीशिवाय व्यवहार करू नका. भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी झाली की नारळाची चार झाडं शेजाऱ्याच्या हद्दीत निघतात, हे ठरलेलंच. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे पाठ असू द्या, कारण मुंबईचं गिऱ्हाईक फुटात बोलतं आणि गाव गुंठ्यात. पाच-पाच गुंठ्यांचे शेतीचे तुकडे पाडून विकणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बरेच बदलत आलेत, वकिलाला विचारल्याशिवाय बोलूच नये.

भावाबद्दल एवढंच. रेवस-करंजा पुलाची चर्चा मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून आहे आणि तेव्हापासून प्रत्येक दलालाने तो पूल गिऱ्हाइकाला एकदा तरी विकला आहे. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि भाव खरोखर हलले. जे झालंय ते सांगा. होणाऱ्याचा भाव लावणाऱ्या मालकाला शांतपणे नमस्कार करून उठा.

राहण्याचं म्हणाल तर, जमिनी दाखवणाऱ्या माणसाला स्वतःला भाड्याचं घर मिळत नाही हा इथला विनोद आहे. शनिवार-रविवारच्या दोन रात्रींत जेवढे मिळतात तेवढ्यासाठी महिनाभर तुम्हाला घर कोण देईल? किनाऱ्याची आशा सोडा. शहरात किंवा चेंढऱ्याकडे बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं आणि मे महिन्यात टँकर बघावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हापासून पत्र्याची छपरं आणि इन्व्हर्टर या दोन गोष्टी मी प्रत्येक घरात आधी बघते. शनिवार-रविवार सुट्टी हा शब्द विसरा, कारण गिऱ्हाईक तेव्हाच येतं. वडखळपासून कार्लेखिंडीपर्यंत अडकून वैतागलेलं गिऱ्हाईक जमीन बघत नाही, आधी जेवायला न्यावं लागतं. बदल्यात सोमवारी बाजारात ताजे बोंबील आपल्यासाठी असतात, उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा, आणि थंडीत कोणी ना कोणी पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावून हाक मारतोच.

परवान्याचं आता टाळता येत नाही. महारेराखाली, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाखाली, येणाऱ्या प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकायचा तर नोंदणी हवी. एकट्या माणसाला दहा हजार रुपये शुल्क, मुदत पाच वर्षं, आणि २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली आहे. अभ्यासक्रम अवघड नाही. नुसत्या शेतजमिनींची कामं करणारे म्हणतात आम्हाला त्याची गरज नाही. पण प्लॉटिंगचं एक काम हाती आलं की गरज पडतेच, तेव्हा आधीच करून टाका.

यायचंच असेल तर जूनमध्ये या. धंदा थंड असतो, गेटवेच्या साध्या लाँचा पावसाळाभर बंद, दलालांना बोलायला वेळ असतो आणि कोणत्या जमिनीत गुडघाभर पाणी साचतं ते फुकटात दिसतं. गमबूट घ्या, धरलेली दोन-तीन गावं पालथी घाला, पाणी साचलेल्या जमिनींचे गट नंबर वहीत उतरवून ठेवा. दिवाळीनंतर गिऱ्हाईक यायला लागेल तेव्हा ते पाणी ओसरलेलं, हिरवंगार शेत बघून खूश होणार आहे, आणि ती वही तेव्हा तुमच्याकडेच असेल.