ओट्याचा ग्रॅनाइट घेताना या चुका टाळा

आमच्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट दुकानात आरशासारखा चमकत होता. वर्षभरात सिंकच्या कडेला आणि शेगडीपुढे तो राखाडी पडला. साबणाचा थर असेल म्हणून मी घासत बसलो, तर आणखीच पांढुरका झाला. शेवटी पॉलिशवाल्याने पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन कडेवर दोनदा फिरवला आणि काळं झालेलं फडकं माझ्यापुढे धरलं. साध्या राखाडी दगडाला रंग चढवून तो 'जेट ब्लॅक' म्हणून आमच्या गळ्यात मारला होता. पुन्हा रंग चढवता येतो, पण तोही उतरतोच.

चमक बघून दगड घेणं ही पहिली चूक. पॉलिश हलक्या दगडावरही चढतं. दुकानात जाताना पांढरं फडकं, थोडा थिनर, पाण्याची बाटली आणि अर्धं लिंबू घेऊन जा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. काळ्या दगडावर थिनर घासा, फडक्याला रंग लागला तर पुढच्या दुकानात. फिकट दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खाली गडद डाग दिसला तर तो दगड पाणी पितो, म्हणजे उद्या फोडणीचं तेल आणि हळदही पिणार. असा दगड घ्यायचाच असेल तर सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण) लावावा लागेल आणि तो अधूनमधून पुन्हा लावावा लागेल. लिंबाच्या थेंबाने चमक गेली तर तो ग्रॅनाइट नाहीच. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड असणार. कडप्पाही चुनखडीचाच, जुन्या घरांतल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचे, चिंचेचे पांढरट ठसे असतात ते याच कारणाने. (गंमत म्हणजे आंध्रातल्या चिमकुर्तीचा, काळ्यावर चमकदार ठिपके असलेला 'ब्लॅक गॅलेक्सी' ग्रॅनाइट म्हणून विकतात, पण भूशास्त्राच्या हिशेबात तो ग्रॅनाइट नाही, गॅब्रो नावाचा वेगळा खडक आहे. ओट्याला मात्र उत्तम.)

हातभर नमुना बघून ऑर्डर देऊ नका. तुमचीच स्लॅब उभी करून, तिरप्या उजेडात, पुढून-मागून बघा. मागे जाळी चिकटवलेली असेल तर दगडाला आधार का द्यावा लागला ते विचारा. सगळे तुकडे एकाच लॉटमधले घ्या आणि स्लॅबवर मार्करने सही करून फोटो काढा. भाव ठरवताना वेस्टेज कुणाच्या माथी आणि कडेच्या मोल्डिंगचे पैसे वेगळे की त्यातच, हे तेव्हाच लिहून घ्या.

खरी वाट लागते ती कापताना. सिंक आणि हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) प्रत्यक्ष हातात नसताना कॅटलॉगच्या मापाने भोक पाडून घेऊ नका. भोकाचे कोपरे काटकोनात कापले की तडा तिथूनच सुरू होतो, ते गोलसर हवेत. सिंकच्या पुढे उरणारी दोन-तीन इंचांची पट्टी सगळ्यात नाजूक. तिच्याखाली कडप्प्याचा किंवा तसाच भक्कम आधार आहे ना, हे उकिडवं बसून स्वतः बघा. कडेच्या खालच्या बाजूला बारीक खाच मारून घ्या. नाहीतर पाणी कडेवरून आत वळतं आणि ट्रॉलीचं प्लाय फुगतं. उंची मिस्त्रीच्या सवयीने ठरू देऊ नका. जो रोज पोळ्या लाटतो त्याच्या कोपरापासून चारेक इंच खाली बरी पडते. शेवटचे पैसे देण्याआधी ओट्यावर तांब्याभर पाणी ओता, ते सिंककडे गेलं पाहिजे.

ओटा बसून गेला असेल आणि तेलाचा डाग पडला असेल, तर खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट थापून वर प्लास्टिक चिकटवा. दुसऱ्या दिवशी खरवडून काढा. जुना डाग दोन-तीन खेपा घेतो. तापलेली कढई अडणीवर ठेवा. दगड सहसा सोसतो, पण त्याच्या भेगांत भरलेलं रेझिन (चिकट राळ) सोसेलच असं नाही.

बाथरूममध्ये टॉयलेट साफ करायचं ॲसिड काउंटरवर ओतू नका. नळाभोवती कायम ओलसर गडद कडं दिसत असेल तर त्याला डाग समजून घासू नका. खालून पाणी झिरपतंय. प्लंबरकडून गळती काढून सिलिकॉन नव्याने भरून घ्या, दगड वाळला की कडं आपोआप जातं.