लाईट गेली तरी रेकॉर्डिंग वाचवा: टीव्हीच्या शेल स्क्रिप्टमध्ये करायचे बदल

डीडी फ्री डिशची छत्री, यूएसबी ट्यूनर आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असला की टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या तयार शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली, पुष्कळ मिळतात. फक्त त्या लाईट जाणारच नाही असं धरून लिहिलेल्या असतात. देवगड-मालवणकडच्या पावसाळ्यात ते चालायचं नाही.

मूळ स्क्रिप्टची एक प्रत बाजूला ठेवा आणि कामाला लागा.

आधी फाइलचा प्रकार बघा. साध्या एमपी४ फाइलची सूची रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मध्येच लाईट गेली की सूची राहते आणि फाइल उघडतच नाही. एमपेग-टीएसमध्ये १८८ बाइटची सुटी पाकिटं असतात, त्यामुळे जिथे तुटलं तिथपर्यंतचं सगळं दिसतं. ट्यूनरमधून प्रक्षेपण याच रूपात येतं. म्हणून एमपी४ करणारी एफएफएमपेगची (व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रामची) ओळ सरळ काढून टाका. रास्पबेरी पायही कमी तापेल.

आता खरा बदल, आणि तो एका चिन्हाचा आहे. ‘कॅट’ ही आज्ञा ट्यूनरमधून वाचून > या चिन्हाने फाइलमध्ये ओततं. फाइलचं नाव चॅनेल आणि तारखेवरून ठरत असेल, तर लाईट आल्यावर स्क्रिप्ट त्याच नावाने सुरू होते आणि > आधीचं सगळं पुसून टाकतो. तिथे >> करा. नवा भाग जुन्याला जोडला जातो, आणि टीएस फाइलला असं जोडलेलं चालतं.

ठरावीक सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवणाऱ्या ‘टाइमआउट’ या आज्ञेला ठरलेले ३६०० सेकंद देऊ नका. कार्यक्रम संपायच्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करा आणि उत्तर शून्य किंवा त्याखाली आलं तर स्क्रिप्ट थांबवा. मग तीच स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (आज्ञा आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत) ‘रीबूट’च्या ओळीवरही लावा, म्हणजे लाईट आल्यावर ती आपणहून सुरू होईल. एक मेख आहे: रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वेळ इंटरनेटवरून येते, आणि लाईटबरोबर आपलं ब्रॉडबँडही जातं. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ लावलंत की हा प्रश्न सुटतो.

चालू रेकॉर्डिंग बघायला दुसरा प्लेअर ट्यूनरवर लावू नका, ‘डिव्हाइस बिझी’ येईल. वाढत्या फाइलवर ‘टेल’ या आज्ञेला एफ पर्याय देऊन ते पाइपने (| या चिन्हाने) एमपीव्ही या प्लेअरकडे पाठवा.

३ मेगाबिटच्या चॅनेलला तासाला साधारण १.३५ जीबी लागतात. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही, तेव्हा डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. मुसळधार पावसात चित्र फुटलं तर स्क्रिप्ट उकलत बसू नका. छत्रीवर येणारा केयू बँडचा (उपग्रहाच्या लहरींच्या पट्ट्यातला) सिग्नल पावसात क्षीण होतोच.

शेवटी स्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘बॅश’ला एन पर्याय देऊन लिहिण्यातल्या चुका तपासा आणि छोटं रेकॉर्डिंग लावून मध्येच रीबूट करा. चाचणीसाठी प्लग ओढू नका, एसडी कार्ड बिघडू शकतं. परत सुरू झाल्यावर फाइल वाढत असेल आणि पहिला भागही शाबूत असेल, तर जमलं.